संगणकावरील खेळाचे पुरुमेंत



मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी गोव्यात घरोघरी पुरुमेंताची घाई उडते. तांदूळ, मीठ, सुक्या मिरच्या, आमसुले, खारवलेली मासळी असा पावसाळ्याचा साठा मे महिन्यातच करून ठेवावयाचा, ही रीत पेडण्याच्या किनाऱ्यावरील घरांत जशी, तशीच डिचोलीच्या डोंगराळ भागातील घरांतही आहे. अडचण येणार हे ठाऊक असते. ती कोणत्या दिवशी येईल, एवढेच ठाऊक नसते. म्हणून शहाणा गृहस्थ आधीच तजवीज करतो. परंतु याच घरांत आज आणखी एक वस्तू आहे, जिच्यासाठी अशी तजवीज क्वचितच होते. ती म्हणजे संगणकावरील खेळात मुलांनी जतन करून ठेवलेली कमाई. ही कमाई कोठे असते, ती कशी बिघडते, बिघडली तर काय करावे आणि मुळात तिची दुसरी प्रत कशी राखावी, हे आज आपण पाहू.

'खेळच तो, गेला तर बरेच झाले, मुलगा अभ्यासाला तरी बसेल', असे काही पालक म्हणतील. खेळ किती वेळ खेळावा याचा निर्णय त्यांनी जरूर करावा. पण मुलाने केलेल्या कामाची किंमत खेळ या एका शब्दाने ठरवू नये. माइनक्राफ्ट या नावाचा खेळ पाहा. स्वीडनमधील एका कंपनीने 2011 साली त्याची पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली आणि आज तो जगभर खेळला जातो. त्यात घनाकृती ठोकळ्यांवर ठोकळे रचून मुले स्वतःचे एक जग उभारतात. कोणी तेरेखोलचा किल्ला बांधतो, कोणी मयेचे तळे खणतो. यात मोजमाप आहे, आखणी आहे आणि मुख्य म्हणजे चिकाटी आहे. असे जग महिनोन्महिने खपून तयार होते आणि एका क्षणात नाहीसे होऊ शकते.

खेळ जतन करण्याची सोय काही पहिल्यापासून नव्हती. आपल्याकडे दूरदर्शन संचाला जोडून 'कॅसेट' घालून खेळण्याची यंत्रे आली, तेव्हा वीज गेली की बहुतेक खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत. काही खेळांत मजल गाठली की पडद्यावर अक्षरांचा एक परवलीचा शब्द दिसे. तो वहीत उतरून घ्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरावयाचा. एक अक्षर चुकले तर सारी मजल फुकट. पुढे 1987 साली अमेरिकेत 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा जपानी खेळ आला. त्याच्या कॅसेटमध्येच एक लहानशी बॅटरी बसविलेली होती आणि यंत्र बंद असतानाही ती स्मरण टिकवून धरीत असे. परंतु बॅटरी ती बॅटरी! काही वर्षांनी ती संपली की स्मरणही गेले. संगणकावर मात्र हे जतन डिस्कवर होऊ लागले. नव्वदीच्या दशकात ज्यांनी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळला असेल, त्यांना कंट्रोल आणि जी या दोन कळा एकत्र दाबून खेळ राखून ठेवल्याचे आठवत असेल. त्या वेळी डिस्कवर एक इवलीशी फाईल तयार होत असे.

आजही मूळ गोष्ट तीच आहे आणि ती मनात पक्की ठसली पाहिजे. जतन केलेला खेळ म्हणजे काही जादू नव्हे. पत्र लिहून ठेवावे किंवा हिशेबाचा तक्ता करून ठेवावा, तशीच ती एक साधी फाईल किंवा फाईलींनी भरलेला एक फोल्डर असतो. ज्या कारणांनी पत्राची फाईल बिघडते, त्याच कारणांनी हीही बिघडते. आणि ज्या उपायाने पत्र राखता येते, त्याच उपायाने हाही राखता येतो.

ही फाईल सापडत नाही, याचे कारण ती बहुधा आडजागी असते. विंडोज संगणकावर काही खेळ आपले जतन 'डॉक्युमेंट्स' मधील 'माय गेम्स' या फोल्डरात ठेवतात, तर कित्येक खेळ ते 'ॲपडेटा' नावाच्या फोल्डरात ठेवतात. हा दुसरा फोल्डर एरवी दिसत नाही. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' या यादीत जाऊन 'हिडन आयटम्स' वर खूण केली म्हणजे तो दिसू लागतो. माइनक्राफ्टच्या संगणकावरील मूळ 'जावा' आवृत्तीत याहून सोपी वाट आहे. जगांच्या यादीत आपले जग निवडून 'एडिट' दाबले की त्या जगाचा फोल्डर उघडण्याचे एक बटण मिळते आणि त्याची राखीव प्रत करण्याचेही बटण तेथेच असते.

त्या फोल्डरात डोकावून पाहिले तर रचना मोठी सुटसुटीत दिसते. 'लेव्हल डॉट डॅट' ही एक लहान फाईल असते. जगाचे नाव, खेळाचे नियम यांसारखी मूलभूत माहिती तिच्यात असते. पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका म्हणा हवे तर. तिच्याशेजारीच 'लेव्हल डॉट डॅट ओल्ड' या नावाने तिची आधीची प्रत खेळाने स्वतःच राखलेली असते. बांधलेली घरे, खणलेली तळी, लावलेली झाडे ही मात्र 'रीजन' नावाच्या फोल्डरातील फाईलींत असतात. प्रत्येक फाईलीत लांबीला 512 आणि रुंदीला 512 ठोकळे एवढा प्रदेश मावतो. या रचनेचा लाभ पुढे दुरुस्तीच्या वेळी होतो.

आता फाईल बिघडते कशी, ते पाहू. पहिले कारण आपल्या परिचयाचे आहे, ते म्हणजे वीज. संगणक फाईल लिहितो तेव्हा ते काम एका क्षणात पुरे होत नाही. काही मजकूर आधी स्मरणात साठतो आणि मग डिस्कवर उतरतो. नेमक्या त्या वेळी वीज गेली तर अर्धी फाईल नवी, अर्धी जुनी किंवा अगदीच रिकामी अशी राहते. आमच्या तालुक्यांतून पावसाळ्यात तारेवर माड किंवा फांदी कोसळणे हे नेहमीचेच. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळाने तर गोव्यात कित्येक गावे काही दिवस अंधारात ठेवली होती. घरात इन्व्हर्टर असला म्हणजे भीती नाही, असे समजू नये. साधा इन्व्हर्टर चालू होण्यास क्षणभराचा अवधी घेतो आणि तेवढ्यात टेबलावरील संगणक बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. त्यासाठी यूपीएस हवा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, म्हणून त्याला हा धोका कमी.

दुसरे कारण भरलेली डिस्क. जागा उरली नाही तर फाईल पुरी लिहिली जात नाही. तिसरे कारण आवृत्तीतील फरक. खेळाची नवी आवृत्ती जुने जग उघडताना ते आपल्या पद्धतीने बदलून घेते. ते जग पुन्हा जुन्या आवृत्तीत उघडू गेल्यास बिघाड होतो. खेळाला जोडलेले 'मॉड' मध्येच काढून टाकल्यानेही असेच होते. चौथे कारण आपलेच हात. धाकटे भावंड चुकून 'डिलीट' दाबते किंवा मोबाइलमध्ये जागा करण्यासाठी कोणी खेळच काढून टाकतो. मोबाइलमधील खेळाचे जतन पुष्कळदा त्या खेळाच्याच पोटात असते. खेळ काढला की जतनही त्याबरोबर जाते. पाचवे कारण यंत्राचे मरण. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत यंत्राला गंज लवकर चढतो. शिवाय जुलै 2021 च्या पुराने दाखवून दिले, की नदीचे पाणी घरात शिरते तेव्हा संगणक आणि त्याच्याच खणात ठेवलेला पेनड्राइव्ह, दोन्ही एकदमच बुडतात.

एक उदाहरण सांगतो. डिचोली तालुक्यातील एका घरी दोघा भावांनी मिळून असे एक जग उभारले होते. मयेचे तळे, नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा घुमट, आपले घर आणि घरामागची पोफळीची बाग असे सारे त्यात होते. दोन पावसाळे त्यात गेले. मग थोरला जहाजावर नोकरीला गेला. धाकटा रोज संध्याकाळी त्या जगात थोडी भर घालून तिची चित्रे भावाला पाठवी. दूर गेलेल्या भावाशी बोलण्याचे तेच त्याचे निमित्त होते. एके रात्री गडगडाट होऊन वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी ते जग उघडेना. वडिलांनी संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेला. 'डिस्क साफ करून सारे नव्याने घालू, संगणक नव्यासारखा चालेल', असे तेथे त्यांना सांगण्यात आले. संगणक नव्यासारखा चालला असता हे खरे. पण भावाने बांधलेली पोफळीची बाग मात्र कायमची गेली असती. मुलाने हट्ट धरला म्हणून वडिलांनी संगणक तसाच परत आणला. पाहिले तेव्हा 'लेव्हल डॉट डॅट' या फाईलीचा आकार शून्य झालेला होता, पण तिची जुनी प्रत शाबूत होती. आधी सारा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. मग रिकामी फाईल बाजूला काढली आणि जुन्या प्रतीच्या नावातील 'ओल्ड' हा शब्द काढून टाकला. जग उघडले. अनुक्रमणिकेचे पान तेवढे फाटले होते, ग्रंथ जागच्या जागीच होता.

या उदाहरणातून दुरुस्तीचे नियम ध्यानात येतील. पहिला आणि सर्वांत मोठा नियम असा, की बिघडलेल्या फाईलीला हात लावण्यापूर्वी तिची आहे तशी प्रत करून घ्यावी. दुरुस्ती करताना चूक होणारच. ती मूळ फाईलीवर होऊ नये. घाबरून तेच जग पुनःपुन्हा उघडू नये. त्याच नावाने नवा खेळ सुरू करून जुन्या जागेवर जतन तर मुळीच करू नये, कारण कित्येक खेळांत नवे जतन जुन्याला पुसून टाकते.

दुसरी पायरी निदानाची. फाईल जागेवर आहे काय? तिचा आकार किती आणि ती शेवटची केव्हा बदलली? आकार शून्य असेल तर लिहिणे मध्येच तुटले असे समजावे. फाईल जागेवर नसेल तर रिसायकल बिन पाहावा. 'डॉक्युमेंट्स' हा फोल्डर वनड्राइव्हसारख्या सेवेने दुसरीकडे हलविला आहे काय, हेही पाहावे. जग बिघडलेले नसून केवळ जागा बदलली आहे, असे अनेकदा निघते. जतनच होत नसेल तर डिस्कवर जागा आहे की नाही ते बघावे. विंडोजच्या सुरक्षा व्यवस्थेत 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू असेल तर ती खेळाला त्या फोल्डरात लिहू देत नाही. तेव्हा तेथे त्या खेळाला परवानगी द्यावी.

तिसरी पायरी उपायाची. मूलभूत फाईल बिघडली असेल तर वर सांगितल्याप्रमाणे जुनी प्रत पुढे करावी. माइनक्राफ्टच्या नव्या आवृत्त्या हे काम पुष्कळदा आपण होऊन करतात. जगाचा एखादाच भाग बिघडला असेल, म्हणजे तेथे गेले की खेळ बंद पडत असेल, तर त्या भागाची 'रीजन' फाईल तेवढी राखीव प्रतीतून आणून ठेवावी. बाकीच्या जगाला धक्का लागत नाही. फाईल पुसली गेली असून रिसायकल बिनमध्येही नसेल, तर त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर पुसलेला मजकूर लगेच नाहीसा होत नाही, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो परत मिळण्याची आशा असते. नव्या पद्धतीच्या एसएसडी डिस्कवर मात्र ही आशा फार थोडी, कारण ती डिस्क मोकळी जागा स्वतःच साफ करीत असते.

इतके उपाय सांगितले, तरी या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे दुसरी प्रत. ती असेल तर बिघाड ही अर्ध्या तासाची अडचण ठरते. नसेल तर तोच बिघाड वर्षाची हानी ठरतो. या बाबतीत पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन, दोन, एक हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. मूळ धरून एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी.

घराबाहेरची प्रत का, हे मराठी वाचकाला आपल्याच इतिहासातून समजावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूरच्या छापखान्यात छापले गेले. 1649 आणि 1654 साली ते पुन्हा छापले गेले. परंतु या तीन आवृत्त्यांपैकी छापील अशी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी हातांनी उतरवून घेतलेल्या आणि ठिकठिकाणी विखुरलेल्या प्रतींमुळे. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली मंगळूर येथे तो पुन्हा प्रसिद्ध केला. एका ठिकाणी शेकडो प्रती असण्यापेक्षा निरनिराळ्या ठिकाणी थोड्याच प्रती असणे अधिक भरवशाचे ठरते. मुलांच्या खेळाची तुलना त्या ग्रंथाशी कोणी करणार नाही. पण प्रतीचा न्याय लहानमोठ्या सर्वच गोष्टींना सारखा लागू पडतो.

प्रत करण्याची कृती अगदी साधी आहे. आधी खेळ पूर्ण बंद करावा. खेळ चालू असताना फाईली बदलत असतात, म्हणून तेव्हा घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. मग एकेक फाईल न निवडता जतनाचा पूर्ण फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर ठेवावा. फोल्डराच्या नावापुढे तारीख घालावी. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवला म्हणजे प्रती आपोआप क्रमाने लागतात. नवी प्रत जुनीवर कधीही चढवू नये. निदान मागच्या तीन प्रती तरी असू द्याव्यात, कारण बिघाड कित्येकदा काही दिवसांनी लक्षात येतो आणि तोवर शेवटच्या प्रतीतही तो शिरलेला असतो. पेनड्राइव्ह 'इजेक्ट' करूनच काढावा. नंतर एखादी प्रत वेगळ्या नावाने खेळात ठेवून उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवणे म्हणजे साठवणीचे पिंप न उघडताच तांदूळ चांगले आहेत, असे म्हणण्यासारखे आहे.

काही खेळ आपले जतन इंटरनेटवरही ठेवतात. स्टीम या खेळांच्या दुकानाने ही सोय 2008 पासून दिली आहे. ती उपयोगी खरी, पण ती राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही. ती व्यवस्था आरशासारखी असते. इकडे फाईल बिघडली किंवा पुसली, की तिकडेही तसेच होण्याचा संभव असतो. इकडची आणि तिकडची फाईल निराळी निघाली तर कोणती ठेवावी, असा प्रश्न पडद्यावर येतो. तेथे घाईने बटण न दाबता दोहोंची तारीख आणि वेळ वाचावी आणि संशय असेल तर संगणकावरील फाईलीची प्रत आधी बाजूला ठेवावी.

हीच शिस्त शाळेतही उपयोगी पडते. आता मुले केवळ खेळ खेळत नाहीत, ती खेळ तयारही करतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तयार झालेल्या 'स्क्रॅच' या साधनात चित्रांच्या ठोकळ्यांनी लहानसहान खेळ बनविता येतात. शाळेच्या एकाच संगणकावर पाच वर्गांची मुले बसतात, तेव्हा एकाचे काम दुसऱ्याच्या हातून पुसले जाणे अवघड नाही. म्हणून तास संपताना 'सेव्ह टू युवर कम्प्युटर' हा पर्याय निवडून फाईल आपल्या पेनड्राइव्हवर घेणे, हा पाठाचाच भाग मानावा. आपल्या श्रमाची राखण आपणच केली पाहिजे, ही शिकवण त्या खेळाहून अधिक काळ टिकणारी आहे.

प्रत केव्हा करावी, याचे वेळापत्रक सोपे ठेवावे. आठवड्यातून एकदा, खेळाची नवी आवृत्ती घेण्याच्या आदल्या दिवशी, संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी आणि मे महिन्यात पुरुमेंत भरताना एकदा. त्या शेवटच्या खेपेची प्रत दुसऱ्या गावच्या मावशीकडे किंवा आजोळी ठेवावयास द्यावी. पालकांनी एवढेच करावे, की रविवारी मुलाला जवळ बसवून त्याचे जग त्याच्याकडूनच समजून घ्यावे आणि उठताना त्याची एक प्रत दोघांनी मिळून करावी. अर्धा तास पुरेल, आणि मुलाने एवढे दिवस काय बांधले आहे, तेही कळेल.